टँकर आत, पंप बाहेर

बावधनला टेकडीच्या उतारावर आमची सोसायटी आहे. थंडी सरत आली की इथे एकाच वेळी दोन गोष्टी सुरू असतात. फाटकातून टँकर आत येतो आणि खालच्या पार्किंगमधला पंप पाणी उपसून बाहेर गटारात फेकतो. दोन्हींची बिलं मेंटेनन्समधून जातात. कमिटीवर आले तेव्हा ती बिलं शेजारीशेजारी पाहिली आणि डोकंच फिरलं.

पार्किंगमध्ये झिरपणारं पाणी येतं कुठून? पुण्याखाली काळा पाषाण. वरचा मुरूम पाणी पितो, पण खाली अखंड कातळ लागला की पाणी आडवं, उताराच्या दिशेने सरकतं. आमच्या दोन मजली तळघराने नेमका हाच थर कापलाय. म्हणजे ज्याला आम्ही लीकेज म्हणून शिव्या घालतो, ते टेकडीवर मुरलेलं पावसाचं पाणी.

आमच्या स्वतःच्या प्लॉटवर मात्र थेंब मुरायची सोय नव्हती. ब्रोशरमधली हिरवळ स्लॅबवर, दीड फूट मातीत. खरी जमीन उरली ती कुंपणालगतच्या पट्टीत, आणि तिथेही काँक्रीटवर पेव्हर ब्लॉक. गच्ची ८०० चौरस मीटर. ५० मिलिमीटर पाऊस पडला की तिच्यावर ४०,००० लिटर पाणी जमतं, म्हणजे दहा हजारांचे चार टँकर. ते सगळं पन्हाळीतून रस्त्यावर, तिथून नाल्यात, मग रामनदीत. पुढे पाषाण, बाणेर करत औंधजवळ मुळेत. प्रत्येक सोसायटी असं एकदमच पाणी सोडते आणि नाल्याला मात्र आपण चहूबाजूंनी आवळलेलं असतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं, ते पुण्यात कुणाला सांगायला नको.

कागदोपत्री हार्वेस्टिंगचा खड्डा होता. झाकण उघडलं तर आत राडारोडा आणि रंगाच्या डब्यांची झाकणं.

मग पाझर तपासायला दोन खड्डे खणून पाण्याने भरले. मागच्या बाजूचा संध्याकाळपर्यंत रिकामा झाला. पुढचा दुसऱ्या दिवशीही तसाच डबडबलेला. तिथे हातभरावर कातळ. सगळीकडे ‘पाणी जिरवा’ चालत नाही, हे त्या खड्ड्याने कुठल्याही अहवालापेक्षा लवकर पटवलं. म्हणून मागे पेव्हर उखडून उथळ चर, त्यात खडी, कडेने वाळा आणि कर्दळ. पुढे नुसती टाकी, तळाशी बारीक तोटी. मुसळधार पावसातलं पाणी थोपवून हळूहळू सोडायला. पार्किंगचं तेलकट पाणी दोन्हींपासून लांब ठेवलं. ते थेट बोअरमध्ये सोडा, असा सल्ला देणारे एक गृहस्थ आमच्याकडे आहेत.

सभेत डासांवरून रण माजलं. डासाची अंडी ते डास व्हायला आठवडाभर तरी लागतो, चरात पाणी दिवसभरही टिकत नाही, हे सांगून सांगून घसा बसला. ज्येष्ठांचा फिरायचा ट्रॅक थोडा वळवला. एक मात्र हरलो: चर जिथे सर्वांत रुंद व्हायला हवा होता, तिथे कुणाची तरी दुसरी गाडी उभी राहते.

उपशाचं पाणी आता फ्लशच्या टाकीत जातं. टँकर थांबले नाहीत, कमी झालेत. खरं तर ही सगळी डागडुजी. नकाशा काढतानाच तळघर थोडं आखडून जमीन मोकळी ठेवली असती, तर हे फोडाफोडीचे पैसे वाचले असते.

सध्या शेजारच्या प्लॉटवर पायाचं खोदकाम चाललंय. तीन मजली तळघर, कुंपणाला भिडलेलं. खड्ड्यात साचणारं पाणी पंपाने आमच्याच रस्त्यावर येतं. तिथल्या तरुण इंजिनिअरला आमचा चर दाखवायला घेऊन आले. त्याने फोटो काढले, खडीचा साइज विचारला. मग म्हणाला, “मॅडम, आयडिया चांगली आहे, पण आमचा प्लॅन पास झालाय.” मी त्याच्या साहेबांचा नंबर मागून घेतलाय.