राजाच्या घरी चिमी

विश्रांतवाडी, पुणे
रविवार, रात्री

ती. ताईस,


संध्याकाळी फोनवर तू म्हणालीस, "सव्वादोन वर्षांच्या पोरीला म्युझियममध्ये नेऊन तिला काय कळणार?" चिमी फोन ओढत होती, नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहायला बसले.

ठरलेलं काहीच नव्हतं. सकाळी सगळे धानोरीला एका बारशाला निघाले होते. बाळाला ताप आल्याचा निरोप आला तेव्हा चिमीच्या पायात बूट चढले होते, आणि बूट घातलेल्या पोरीला परत घरात बसवणं काय असतं हे तुला सांगायला नको. ती दाराला धक्के मारायला लागली. लेक म्हणाली, "चला, केळकर म्युझियमला जाऊ." जावयांनी पिशवीत दोन कपडे, पाण्याची बाटली, केळं आणि मुरमुऱ्यांचा डबा टाकला. आबा टोपी घालून आधीच फाटकापाशी जाऊन उभे. गुडघ्यामुळे मी घरीच राहिले, पण आल्यावर चौघांनी चार तऱ्हांनी सगळं सांगितलं.

येरवड्यापर्यंत रिक्षा, पुढे मेट्रो. गाडी बंडगार्डनच्या आधी मुळा-मुठेवरून जाते, तेव्हा चिमी काचेला नाक लावून "पानी, पानी" करत होती. सिव्हिल कोर्टला गाडी बदलली आणि तीच पोर मुठेच्या पात्राखालून बोगद्यातून मंडईला पोचली. मंडईच्या सरकत्या जिन्यावरून तिला दोनदा खाली-वर करावं लागलं. जावई म्हणतात, तिथूनच परत आलो असतो तरी तिची सहल झाली असती.

शुक्रवार पेठेत बाजीराव रस्त्याला लागून नातूबाग आहे ना, तिथेच हे संग्रहालय. 'राजा दिनकर केळकर' हे नाव ऐकून बऱ्याच जणांना एखाद्या संस्थानिकाचा खजिना असेल असं वाटतं. राजा म्हणजे केळकरांचा एकुलता एक मुलगा, लहान वयात गेलेला. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहायचे. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. १९६० पर्यंत संग्रह १५,००० वस्तूंवर गेला, १९६२ मध्ये संग्रहालय झालं आणि १९७५ मध्ये त्यांनी ते सगळं राज्य सरकारच्या पुरातत्त्व खात्याला देऊन टाकलं. पत्नी कमलाबाईंची साथ होती. आज वस्तू २०,००० च्या वर आहेत, मांडलेल्या त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास. ताई, ज्या आईबापांचं पोर गेलं त्यांनी त्याच्या नावानं काय जमवलं बघ: दिवे, फण्या, दौती, खेळणी, अडकित्ते. बहुतेक सगळं अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या घरांमधलं, रोज कुणाच्या तरी हातातलं. या नावाच्या घरात एखादं लहान मूल दुडुदुडु फिरावं, याहून योग्य काही मला सुचत नाही.

आता अडकित्त्यांचं ऐक. जावयांनी चिमीला कडेवरून उतरवलं, तर ती एका कपाटासमोर खिळूनच राहिली. आत पितळेचे अडकित्ते: कुठे घोडा, कुठे पोपट, कुठे एकमेकांसमोर उभं जोडपं. दोन मुठी मिटल्या की सुपारी फुटणार. चिमीनं काचेवर बोट टेकवलं आणि ओरडली, "आबा! आबाचं कट्कट्!" आबा दुपारी सुपारी कातरतात तेव्हा ती मांडीला टेकून बसलेली असते, हे तुला माहीतच आहे. तिला शतक कळलं नाही, धातू कळला नाही. आपल्या घरातली वस्तू दुसऱ्याच्या घरात आहे एवढं मात्र पक्कं कळलं. शेजारी वज्र्या होत्या, टाचा घासायच्या, वर पाखरं नि जनावरं असलेल्या. तिथे ती खाली बसून स्वतःच्या बुटाची टाच घासायला लागली, कारण लेकीनं "यानं पाय घासायचे" असं नुसतं म्हटलं होतं.

आबांना यावरून बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आठवल्या. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, बिया, दगड असं हाताशी असलेलं सामान वापरलं. पोरांना ओळखीचं दिलं की ती अनोळखी गोष्टीकडे आपोआप वळतात, असं आबांचं म्हणणं. मलाही ते पटतं. मूल मोठं झाल्यावर नेऊ, म्हणजे त्याला माहिती देता येईल, असं आपण धरून चालतो. मोठं झाल्यावर ते पाट्या वाचेल, पण बुटाची टाच घासणार नाही.

सगळंच जमलं असं मात्र नाही. शस्त्रांपाशी तिनं भोकाड पसरलं. कोथरूडहून अवशेष आणून पुन्हा उभारलेल्या मस्तानी महालात लेकीला थोडं रेंगाळायचं होतं, पण चिमीला भूक लागली. जेमतेम चाळीस मिनिटांत सगळे बाहेर. लेकीला आधी वाईट वाटलं, अर्धंसुद्धा बघून झालं नाही म्हणून. मग जिन्यापाशी केळं खाता खाता पोर पुन्हा "कट्कट्" करायला लागली, तेव्हा तीही हसली. पुढच्या वेळी फक्त दिवे बघायचे, असं ठरलंय. इतक्या लहानग्यासोबत एका वेळी एक दालन पुरे, हा आमचा आजचा अनुभव.

तुझ्याकडे आईचा मोराचा अडकित्ता आहे ना, पानाच्या डब्यातला? दिवाळीला येशील तेव्हा डब्यासकट आण. आबा म्हणतात, धार बोथट करून मगच चिमीसमोर काढायचा.

तुझी
धाकटी