शिक्षा कुणाला झाली?

आमच्या घराण्यात पलटणीत गेलेले पुष्कळ. कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यामुळे 'कोर्ट मार्शल' हा शब्द मला पुस्तकाआधी ओसरीवर भेटला. आजोबा तो आवाज खाली आणून उच्चारीत. एखादा 'पळाला' म्हटले की पुढे काही विचारायचे नाही, असा रिवाज. पहिल्या महायुद्धाविषयी वाचताना हॅरी फार भेटला आणि पुढचे विचारावेसे वाटले.

हा ब्रिटिश सैन्यातला साधा शिपाई, वय पंचवीस. तोफांच्या भडिमाराने मन खचल्यामुळे १९१५ मध्ये तो पाच महिने इस्पितळात होता. हात इतके थरथरत की बायकोला लिहायची पत्रे नर्स लिहून देई. बरा झाला म्हणून पुन्हा आघाडीवर धाडला. सप्टेंबर १९१६ मध्ये सोमच्या लढाईत त्याचे पाय पुढे पडेनात. कोर्ट मार्शलपुढे त्याची बाजू मांडायला कुणी नव्हते. ती त्यानेच मांडली. सरसेनापती हेग यांनी शिक्षा कायम केली. १८ ऑक्टोबरला पहाटे त्याच्याच बाजूच्या सैनिकांनी त्याला गोळ्या घातल्या. गुन्हा : भ्याडपणा.

शिस्तीवाचून सैन्य चालत नाही, हे आजोबांचे म्हणणे मला पटते. एक पळाला तर शेजारचा उघडा पडतो. पण आजार आणि गुन्हा यांतला फरक पाहायला वेळच द्यायचा नाही, याला न्याय कसे म्हणावे?

हॅरी एका क्षणात सुटला. मागे राहिली बायको गर्ट्रूड आणि लहानगी मुलगी. पेन्शन बंद झाले. नवरा कसा गेला हे त्या बाईने कित्येक वर्षे कुणाला सांगितले नाही. मग शिक्षा नेमकी कुणाला झाली?

ब्रिटनने भ्याडपणा व पलायन यांसाठीचा मृत्युदंड १९३० मध्ये रद्द केला. २००६ च्या कायद्याने हॅरीसह ३०६ जणांना माफी मिळाली. १९११ च्या इंडियन आर्मी ॲक्टखाली अशाच गुन्ह्यांसाठी देहदंड झालेल्या हिंदी शिपायांनाही ती लागू केली. मुलगी तेव्हा नव्वदी ओलांडलेली होती. गर्ट्रूड १९९३ मध्येच गेली होती. त्याच कायद्यात एक वाक्य आहे : या माफीने मूळ दोषनिर्णय वा शिक्षा बदलत नाही. ते वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. नाव धुऊन मिळाले, पण निकाल तसाच!

आपल्या १९५० च्या आर्मी ॲक्टमध्येही शत्रूसमोरच्या भ्याडपणाला मृत्युदंडाची तरतूद आहे. सैन्यभरतीच्या मैदानावर माझ्याच वयाची, माझ्याच गावची मुले पहाटेपासून धावताना दिसतात. त्यांना शौर्य शिकवावे, शिस्तही शिकवावी. पण त्यांतल्या एखाद्याचे हात उद्या थरथरू लागले, तर निकालाआधी ते हात धरून बघणारा कुणीतरी त्या न्यायासनाजवळ असावा. एवढी अपेक्षा शिस्तीच्या आड येते, असे मला वाटत नाही.