जर्सी बेटावरचा शनिवार

जर्सी म्हटले की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात : एक गोठ्यात बांधायची आणि दुसरी अंगात घालायची. माझे माहेर सांगलीकडचे. तिथे डेअरीला दूध घालणाऱ्या घरी एखादी तरी जर्सी गाय असायचीच; आणि शाळेच्या खो-खोच्या संघात निवड झाल्यावर जो रंगीत बनियन मिळायचा त्यालाही आम्ही जर्सीच म्हणत असू. या दोन्ही वस्तूंची नावे एकाच बेटावरून आली आहेत, आणि ते बेट इंग्लंडच्या दक्षिणेला, फ्रान्सच्या किनाऱ्यापासून अवघ्या 22 किलोमीटरवर आहे, हे मराठीचे पाठ घेता घेता चाळिशी उलटली तरी मला ठाऊक नव्हते. माझा भाचा तिथल्या एका बँकेत नोकरीला लागला म्हणून कळले.

2022 च्या दिवाळीच्या सुटीत चकल्यांचा डबा आणि दोन लोकरी स्वेटर घेऊन मी त्याच्याकडे गेले. जर्सीला स्वेटर घेऊन जाणारी पहिलीच बाई तू, असे म्हणून त्याने माझे स्वागत केले.

बेट लहान. लांबी नऊ मैल, रुंदी पाच मैल, वस्ती एक लाखाच्या थोडी वर. पण त्याचा समुद्र मात्र लहान नव्हे. भरती-ओहोटीत तिथे पाणी बारा मीटरपर्यंत चढते-उतरते, म्हणजे आपल्याकडची तीन-चार मजली चाळ सकाळी बुडावी आणि दुपारी कोरडी व्हावी तसे. सेंट हेलियर गावासमोरच्या एलिझाबेथ किल्ल्यावर आम्ही ओहोटीच्या वेळी पायी गेलो, आणि मी तोफा पाहत रेंगाळले म्हणून परतताना शेवटची पन्नास पावले जवळजवळ पळालो. गाई मात्र माहेरच्या माणसांसारख्या वाटल्या. तेच काळेभोर टपोरे डोळे! गाईंचा वाण शुद्ध राहावा म्हणून बाहेरची जनावरे बेटावर आणायला 1789 सालीच बंदी झाली होती. उतारावरच्या शेतांत समुद्राचे शेवाळ खत म्हणून घालतात आणि जर्सी रॉयल नावाचा बटाटा पिकवतात. तो सालासकट खायचा असतो. मी सवयीने सोलायला बसले तेव्हा शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी माझ्याकडे असे पाहिले, की सुरी आपोआप खाली ठेवली गेली.

हे शेजारी मोठे गोड होते. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी दार वाजवून विचारले, "उद्या सामन्याला येणार ना?" विचारण्याची तऱ्हा आपल्याकडे 'उद्या एकादशी आहे ना?' असे विचारावे तशी.

रग्बीचे माझे ज्ञान एवढेच, की मुंबईत आझाद मैदानाच्या कडेने जाताना भर पावसात बॉम्बे जिमखान्याच्या हिरवळीवर चिखलाने माखलेली धिप्पाड माणसे एकमेकांच्या अंगावर पडताना मी कुंपणातून पाहिली होती. तेव्हा वाटले होते, यांच्या आया यांना ओरडत कशा नाहीत?

शनिवारी बसने सेंट पीटरला गेलो. मैदान विमानतळाला लागूनच. 'जर्सी रेड्स' हा तिथला तांबड्या पोशाखातला संघ इंग्लंडच्या रग्बीच्या दुसऱ्या वर्गात खेळायचा. या वर्गाचे नाव तेव्हा चॅम्पियनशिप होते. त्या वर्षी त्यात बारा संघ होते आणि प्रत्येकाला बावीस सामने खेळायचे होते. इंग्लंडमधले संघ एकमेकांकडे मोटारबसने जातात, पण जर्सीला यायचे तर विमान, आणि जर्सीला कुठेही जायचे तर विमानच! धुके पडले की सामन्याचे काय होणार, ही बेटावरच्या शनिवारची पहिली काळजी.

खेळ मला भाच्याने समजावून दिला. चेंडू हाताने फेकायचा तो फक्त मागे, पण जायचे मात्र पुढे. पलीकडच्या रेषेपार नेऊन तो जमिनीला टेकवला की पाच गुण. दोन्हींकडचे आठ-आठ गडी डोकी खाली घालून एकमेकांत अडकतात आणि रेटा देतात, त्याला स्क्रम म्हणतात. कागदावर हे साधे वाटते. पण हाडांवर हाड आदळल्याचा आवाज वीस हातांवरून ऐकला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा आपटलेला गडी आपटणाऱ्याच्याच हाताला धरून उठत होता. तो गडी माझ्या ओळखीचा निघाला. भाच्याच्या वरच्या मजल्यावर बायको आणि तान्ह्या मुलीसह राहणारा, दारातून आडवा होऊन आत शिरणारा तरुण! आदल्याच दिवशी त्याने माझी जड बॅग दोन बोटांनी वर नेऊन दिली होती. इंग्लंडहून आलेला, करार एका वर्षाचा. या वर्गातले पुष्कळ खेळाडू असेच, एकेका वर्षाच्या बोलीवर बिऱ्हाड हलवणारे. आमच्या घड्याळी तासिकेवरच्या प्राध्यापकांची मला आठवण झाली.

मध्यंतरात शेजाऱ्यांनी चहा आणून दिला आणि मी भारतातली म्हटल्यावर म्हणाले, "मग आमचा सर्वांत जुना चषक तुमचाच की!" इंग्लंड आणि स्कॉटलंड हे देश ज्यासाठी खेळतात तो कलकत्ता चषक कलकत्त्याच्या रुपयांचा आहे. तिथला इंग्रजांचा रग्बी क्लब 1878 साली मोडला, तेव्हा सभासदांनी बँकेतले चांदीचे रुपये काढून ते वितळवले आणि चषक घडवला. त्याला नागांचे कान आहेत आणि झाकणावर हत्ती. क्लब मोडण्याची कारणे अनेक, पण फुकटची दारू बंद केल्यावर सभासद आटले, अशी एक गोष्ट सांगतात. ती सांगताना आजोबा इतके हसले की त्यांचा चहा सांडला. संघ मोडला तरी चषक उरला, हे त्यांना फार आवडत होते.

निघताना मी मुलासाठी एक तांबडा मफलर घेतला. तो त्याने कधीच घातला नाही, मीच वापरते.

2023 च्या वसंतात भाच्याचा निरोप आला : "मावशी, आपण पहिले आलो!" 'आपण' हा शब्द मी दोनदा वाचला. जर्सी रेड्सने ती स्पर्धा जिंकली होती. 2012 साली या वर्गात शिरलेल्या बेटावरच्या संघाचे हे पहिलेच विजेतेपद. म्हणजे आता वरच्या वर्गात? मी विचारले. तर नाही! वरच्या वर्गाच्या अटी वेगळ्या. त्यांतली एक तेव्हा अशी होती, की मैदानात 10,001 माणसांची सोय हवी. सेंट पीटरच्या मैदानात त्याच्या निम्मीही नव्हती. आदल्या वर्षी लंडनच्या ईलिंग ट्रेलफाइंडर्स या पहिल्या आलेल्या संघालाही असेच दारातून परत पाठवले होते. पहिल्या नंबराने पास झालेल्या मुलाला 'तुझ्या घरात खुर्च्या कमी आहेत' म्हणून पुढच्या इयत्तेत घ्यायचे नाही, असा प्रकार माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिला नाही. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) त्याच हंगामात वरच्या वर्गातले वूस्टर आणि वॉस्प्स हे संघ पैशांपायी बुडाले, जूनमध्ये लंडन आयरिशही गेला. तेरांचे दहा राहिले. वर बाके रिकामी, आणि खाली पहिला नंबर उभा.

पैशाचे दुखणे खालीही होतेच. रग्बीच्या इंग्लंडमधल्या मंडळाने दुसऱ्या वर्गाचे अनुदान 2020 पासून बरेच कापले होते, आणि पुढे या वर्गाचे काय करायचे तेच ठरत नव्हते. चार हजारांच्या मैदानात तिकिटे विकून अशा संघाचा खर्च भागत नाही. तो भागतो गावातल्या श्रीमंतांच्या हौसेवर, आणि हौसेलाही कुठेतरी पोहोचायचे असते.

सप्टेंबर 2023 मध्ये जर्सीने एका स्पर्धेत वरच्या वर्गातल्या बाथला 34-10 असे हरवले. त्याच महिन्याच्या 28 तारखेला क्लबने कामकाज थांबवले. खेळाडूंना त्या महिन्याचा पगारही मिळणार नव्हता. भाच्याने रात्री फोन केला. वरच्या मजल्यावरचा तो तरुण जिन्यात बसून होता म्हणे, आणि काय बोलावे ते न सुचून भाच्याने त्याला खिचडी नेऊन दिली. शेजारच्या आजोबांनी बटाट्यांची पिशवी दारात ठेवली. असे बेटावर घरोघर चालले होते. कुणी भाडे थांबवले, कुणी तात्पुरते काम दिले. ऑक्टोबरात दुसऱ्या वर्गाचा हंगाम अकरा संघांनिशी सुरू झाला. गतविजेता संघ यादीतच नव्हता.

2024 च्या दिवाळीनंतर मी पुन्हा गेले. वरच्या मजल्यावर आता एक हिशेबनीस राहतो, दारातून सरळ आत जातो. शनिवारी आजोबांनी दार वाजवले नाही, म्हणून मीच त्यांचे वाजवले. "सामना कुठला आता?" ते म्हणाले, पण कोट अंगात होताच.

मैदान जागेवर होते. हौशी मंडळींचे आणि मुलांचे रग्बी बेटावर चालूच राहिले आहे, आणि शेजारच्या गर्न्सी बेटाशी 1920 पासून चालत आलेली सयाम चषकाची जुनी चुरसही आहे. त्या दिवशी दहा-बारा वर्षांच्या मुलांचा सराव होता. एकाचा शर्ट इतका मोठा, की चेंडू कुठे आणि मुलगा कुठे ते कळेना. आजोबा कुंपणाला टेकून प्रत्येकाला नावाने हाका मारत होते. एकदा विमान उतरले तेव्हा त्यांनी सवयीने वर पाहिले, पाहुणा संघ आला की काय अशा नजरेने.

चहाच्या खिडकीतल्या बाईने माझ्या गळ्यातला मफलर ओळखला. पैसे घेईना. "कुठे घेतला?" तिने विचारले.

"इथेच. या खिडकीच्या शेजारी."

"मग जपून वापरा," ती म्हणाली, आणि चहात न विचारता दूध घातले. दूध जर्सीचे, चहावर पिवळसर साय धरली. आजोबांनी कुंपणापासून हाक मारली, कारण त्या मोठ्या शर्टाच्या मुलाने चेंडू रेषेपलीकडे टेकवला होता, आणि ते पाहायला मी तिथे नव्हते.