एका अंशाचे अंतर

हे पान तुम्ही बहुधा रात्री वाचत असाल. दिवसाची नोकरी, घरची कामे, मुलांचा अभ्यास हे सारे आटोपून आता कोठे तुमच्या स्वतःच्या अभ्यासाला तासभर मिळाला असेल. डोक्यावर पंखा फिरत असेल. तो किती क्रमांकावर ठेवला आहे? तो क्रमांक कोणी ठरवला? शेजारी झोपलेल्या माणसाला तेवढा वारा हवा आहे की नको, हे कोणी त्याला विचारले होते का? हे प्रश्न तुम्हाला क्षुल्लक वाटतील. साठी ओलांडेपर्यंत मलाही ते क्षुल्लकच वाटत होते.

मी नागपूरचा. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि नवतपा सुरू झाला की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. माझ्या लहानपणी घरात वातानुकूलन यंत्र नव्हते. खिडक्यांना वाळ्याचे पडदे असत. त्यांवर पाणी शिंपडणे हे आम्हा मुलांचे काम. सकाळी सारे ओसरीवर, दुपारी जाड भिंतींच्या मधल्या खोलीत आणि रात्री पाणी मारून निववलेल्या अंगणात खाटा टाकून, असा आमचा मुक्काम उन्हाबरोबर फिरत असे. ज्याला वारा सोसत नसे तो भिंतीच्या आडोशाला झोपे. ज्याला उकडे तो खाट अंगणाच्या मधोमध ओढी. त्या घराला एक असे तापमान नव्हतेच. जितके कोपरे तितकी तापमाने होती आणि ज्याने त्याने आपापला कोपरा निवडावा, अशी रीत होती.

सबंध घराला एकच आकडा देण्याची सोय पुढे यंत्राने केली. तिचा आरंभ एका वर्गात झाला, हे तुम्हा विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात वॉरन जॉन्सन नावाचे एक अध्यापक होते. वर्गाची ऊब पाहण्यासाठी शिपाई पुनःपुन्हा आत येई आणि त्यामुळे शिकवण्यात खंड पडे. त्यावर उपाय शोधता शोधता त्यांनी खोलीचे तापमान जाणणारे विद्युत उपकरण तयार केले आणि १८८३ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. आज ज्याला आपण थर्मोस्टॅट म्हणतो, तेच हे. आपण एक आकडा नेमून द्यायचा. हवा त्या आकड्यापासून ढळली की उपकरणाने यंत्र सुरू करायचे, जुळली की थांबवायचे. मात्र तो आकडा कोणासाठी नेमायचा, हे उपकरणाला ठाऊक नसते.

या उपकरणाची आणि माझी पहिली गाठ शिकागोजवळच्या एका गावी पडली. मुलीच्या बाळंतपणासाठी पत्नी आणि मी डिसेंबरात तिकडे गेलो होतो. बाहेर शून्याच्या खाली तापमान आणि अंगात शिरणारा वारा. घरात दिवाणखान्याच्या भिंतीवर एक लहानशी चौकोनी पेटी आणि तिच्यावर आकडा : ६८. तिकडे फॅरेनहाइटची मोजणी चालते. मी मनातल्या मनात हिशेब केला. ३२ वजा केले, ५ ने गुणून ९ ने भागले आणि २० अंश आले. एवढी ऊब पुरेशी असायला हवी होती. पण मी दोन स्वेटर घालूनही कुडकुडत होतो.

याचे कारण मला पुढे कळले. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे शरीर साधारण १०० वॅट उष्णता निर्माण करते, म्हणजे जुन्या काळच्या १०० वॅटच्या दिव्याइतकी. ही उष्णता शरीराला सतत बाहेर टाकावी लागते. ती भोवतीच्या हवेत जाते, घामावाटे जाते आणि आसपासच्या भिंती, काचा जर आपल्यापेक्षा थंड असतील तर त्यांच्याकडेही निघून जाते. माझी आवडती खुर्ची मोठ्या काचेच्या खिडकीजवळ होती. हवा २० अंशांची असली तरी ती बर्फासारखी काच माझ्या अंगातली ऊब ओढून घेत होती. भिंतीवरचे उपकरण भिंतीजवळची हवा मोजत होते. मी कोठे बसलो आहे, माझे वय काय, जन्मभर मी कोणत्या हवेत वाढलो, यांतले काहीच त्याच्या मोजणीत नव्हते.

एका रात्री मला राहवले नाही. सारे झोपल्यावर मी हळूच उठलो आणि तो आकडा ७६ वर नेऊन ठेवला. म्हणजे आपल्या मोजणीने २४ अंशांहून थोडे अधिक. मला गाढ झोप लागली. पहाटे बाळाच्या रडण्याने जाग आली. त्याची मान घामाने भिजली होती, कपडे ओलसर झाले होते. तान्ह्या मुलाला झोपेत फार ऊब होऊ देऊ नका, ते धोक्याचे असते, असे डॉक्टरांनी मुलीला बजावले होते. तिने आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, थंडी वाजत होती तर मला उठवायचं. तुम्ही अंगावर एक कपडा चढवू शकता. याला स्वतःच्या अंगावरचा एक कपडा काढता येत नाही."

त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने माझी खुर्ची खिडकीपासून आतल्या भिंतीशी हलवली आणि गुडघ्यांवर घ्यायला एक जाड पांघरूण दिले. आकडा ६८ वरच राहिला, पण माझी थंडी गेली. आपण धडा शिकलो, असे मला वाटले. माणूस ज्या बाजूने धडा शिकतो, त्या बाजूनेच तो लक्षात ठेवतो, हे मात्र मला नागपूरला परतल्यावर कळायचे होते.

आम्ही एप्रिलमध्ये परतलो. माझी आई तेव्हा ८४ वर्षांची होती. तिच्यासाठी म्हणून मी दिवाणखान्यात एसी बसवून घेतला. 'तिच्यासाठी' हा शब्द मी तेव्हा सर्वांना सांगत होतो. रिमोट मात्र माझ्या उशाशी असे आणि आकडा २० वर. बाहेरच्या ४४ अंशांतून घरी आल्यावर तो गारवा मला स्वर्गीय वाटे. पत्नी शाल घेऊन बसे. आई दोन दिवस तेथे बसली, तिसऱ्या दिवशी आपली चटई उचलून मागच्या खोलीत गेली. मी विचारले तर म्हणाली, "तुझ्या त्या यंत्रापेक्षा मागची खोली बरी रे बाबा. तिथे माझे सांधे दुखत नाहीत." जुन्या माणसांना नव्या वस्तू रुचत नाहीत, असा निष्कर्ष काढून मी मोकळा झालो.

मागची खोली पश्चिमेची. दुपारी तीननंतर तिची भिंत तव्यासारखी तापते. मेच्या अखेरीस एका दुपारी पत्नी चहा घेऊन गेली आणि तिने मला हाक मारली. त्या हाकेतच सारे आले. झळा आत येऊ नयेत म्हणून आईने खिडकी लावली होती. पंखा बंद होता. पायांवर शाल होती. तिचे अंग तापले होते, जीभ कोरडी पडली होती आणि मी कोण हे विचारले तर तिने माझ्या वडिलांचे नाव घेतले. आम्ही तिला उचलून बाहेर आणले, ओल्या कापडाने अंग पुसले, वारा घातला आणि तसेच रुग्णालयात नेले. दोन रात्री सलाईनवर काढल्यावर ती भानावर आली.

डॉक्टरांनी मला एका बाजूला घेऊन समजावले. वय वाढले की तहान उशिरा लागते, घाम कमी येतो आणि शरीर तापते आहे याची जाणीवच मंदावते. आपल्याकडे म्हण आहे, ज्याचे जळते त्याला कळते. वृद्ध शरीराच्या बाबतीत ही म्हण खरी ठरत नाही. त्याचे जळत असते आणि त्याला कळत नसते. "तुम्हाला उकडतंय का?" हा प्रश्न आईला विचारून उपयोग नव्हता. तिला गारठा तेवढा कळत होता आणि तो गारठा माझा होता. उन्हाळ्याने नव्हे, माझ्या २० अंशांनी तिला त्या तापलेल्या खोलीत धाडले होते. शिकागोच्या त्या घरात दुसऱ्याच्या आकड्याखाली कुडकुडणारा मी, आपल्या घरी परतताच रिमोट हाती आल्यावर सारे विसरलो होतो.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचले. त्यातले तीन मुद्दे तुमच्यापुढे ठेवतो. पहिला डेन्मार्कचे संशोधक फँगर यांचा. माणसाला कोणती हवा सुखकर वाटते याचे गणित त्यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात मांडले. त्या गणिताप्रमाणे तापमान कितीही विचारपूर्वक ठरवले तरी शंभरातील ५ माणसे असमाधानी राहतातच. कार्यालयाला हे प्रमाण चालून जाईल. घरात मात्र ते पाचवे माणूस कोण आहे, हे पाहावे लागते. कारण ते आपली आई असू शकते.

दुसरा मुद्दा आपल्या देशातला. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये भारतीय माणसांच्या सवयीवर आधारलेले एक सूत्र मांडले. उघड्या खिडक्यांच्या इमारतींत बाहेरचे सरासरी तापमान १ अंशाने वाढले की आपल्याला सुखकर वाटणारे तापमानही सुमारे अर्ध्या अंशाने वर सरकते, असा त्याचा आशय. म्हणजे शरीर ऋतूबरोबर चालत असते. डिसेंबरात जे तापमान उबदार वाटते ते मे महिन्यात थंड वाटू शकते. बारा महिने एकच आकडा धरून बसणे शरीराच्याच स्वभावाविरुद्ध आहे.

तिसरा मुद्दा शासनाचा. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू करताच तो आपोआप २४ अंशांवर यावा, असा नियम झाला. आकडा १ अंशाने वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे सांगणे आहे. हे २४ अंश सुरुवातीचे आहेत. तेथून पुढचा विचार प्रत्येक घराने आपापला करायचा आहे.

आमच्या घराने तो असा केला. उन्हाळ्यात एसी २७ वर आणि सोबत पंखा मंद. अंगावरून वारा वाहिला की हवा दोन-तीन अंशांनी थंड भासते, त्यामुळे मला २४ चा गारवा मिळतो; आईची खाट वाऱ्याच्या झोतातून बाजूला असते, त्यामुळे तिचे सांधे दुखत नाहीत. कोरड्या दिवसांत सकाळी नुसता कूलर पुरतो. पावसाळ्यात हवाच ओली असल्याने कूलरच्या ताट्यांतून गारवा येत नाही, उलट दमटपणा वाढतो. म्हणून तो बंद ठेवून खिडक्या उघडतो आणि फार कोंदट झाले तरच एसी लावतो. ऑक्टोबरात दिवसा पडदे, रात्री वारा. हिवाळ्यात पहाटे पारा १२ अंशांवर येतो, तेव्हा आई उन्हात आणि मी तिच्याजवळ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड प्रदेशांतील घरांसाठी निदान १८ अंशांची शिफारस केली. ती वाचल्यापासून थंडीच्या रात्री मी आईच्या खोलीची दारे-खिडक्या नीट लावतो आणि तिच्या गोधडीखाली आणखी एक गोधडी अंथरतो.

शिवाय बाजारातून एक साधा तापमापक आणून तिच्या खाटेशेजारी टांगला आहे. तिला आणि मला आता भावनेपेक्षा त्या पाऱ्यावर अधिक विसंबावे लागते. मीही त्याच वाटेवर आहे, हे माझ्या मुलीने ओळखले आहे. मे महिन्यात तिचा रोज फोन येतो. पूर्वी ती "बाबा, कसे आहात?" असे विचारी आणि मी "ठीक आहे" म्हणे. आता ती विचारते, "खोलीत किती आहे?" मग मला उठून पाहावे लागते.

वाचकहो, सुख ही आपल्या आपल्या अंगाची गोष्ट आहे, असे आपण धरून चालतो. परंतु एका छपराखाली राहणाऱ्यांची अंगे वेगळी असतात आणि आकडा एकच असतो. तो नेमताना कोणाचे अंग प्रमाण मानावे? मी माझ्यापुरते उत्तर ठरवले आहे : ज्याला स्वतःचा कपडा चढवता वा उतरवता येत नाही, ज्याला उठून खिडकी उघडता येत नाही, त्याचे. उरलेल्यांनी एक स्वेटर घालावा किंवा खुर्ची हलवावी.

आता ही पुस्तिका मिटण्यापूर्वी एकदा उठा. शेजारच्या खोलीत कोणी लहान किंवा म्हातारे झोपले असेल, तर त्याच्या कपाळाला आणि पावलांना हात लावून पाहा. पंख्याचा क्रमांक त्यानंतर ठरवा.