मुठीचा हिशेब

‘लोक देत नाहीत,’ ही तक्रार आमच्या मंडळीच्या कमिटीत दर बैठकीला होते. मला वाटतं, लोक का देईनात, हे आधी विचारावं.

आमच्याकडे वर्षाची वर्गणी नावानिशी, आकड्यांसकट वाचली जाते. धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींचं नाव कायम शेवटी यायचं. एका वर्षी त्या यायच्याच थांबल्या. “देवाला द्यायची लाज नाही रे, चारचौघांत ऐकायची वाटते,” असं मला म्हणाल्या.

मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन मंडळीत १९१०च्या सुमारास ‘बुहफाई थाम’ सुरू झालं. स्वयंपाकाला तांदूळ घेताना घरची बाई त्यातले मूठभर बाजूला ठेवते. ते गोळा करून विकतात आणि पैसा मंडळीच्या कामाला लागतो. पोत्यात पडल्यावर कुणाची मूठ कुठली, हे कुणाला कळणार?

देणाऱ्याचा आकडा झाकलेला असावा, खर्चाचा मात्र उघडा. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल वर्गणीच्या कामासाठी तीताबरोबर आणखी दोन बांधव पाठवतो, पैशावरून कुणी बोट दाखवू नये म्हणून. पौलाला ही काळजी होती, तर आपल्याला का नसावी?

यंदा कमिटीपुढे मी एवढंच मांडलंय: नावं वाचणं बंद करा आणि वीजबिलापासून पाळकांच्या पगारापर्यंतचा हिशेब दर महिन्याला फळ्यावर लावा. दानपेटीवर क्यूआर कोड चिकटवायचं त्यानंतर बघू. दोघांनी मान डोलावली, तिघं गप्प आहेत.