नव्या भूमीचे शेजारी

माणूस एका गावाहून दुसऱ्या गावी राहावयास गेला, म्हणजे तो प्रथम शेजारपाजाऱ्यांची ओळख करून घेतो. पण घराच्या फटींत, अंगणातील मातीत आणि झाडांच्या पानांआड आपल्या आधीपासून राहणारे आणखी कितीतरी शेजारी असतात. त्यांची चौकशी सहसा कोणी करीत नाही. त्यांची व आपली पहिली गाठ पडते ती बहुधा रात्री, दिवा लावल्यावर; आणि त्या वेळी आपल्याला आठवण होते ती केरसुणीची!

सेवानिवृत्तीनंतर मी व माझी पत्नी मुलाकडे ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन या शहरी राहावयास आलो. उभे आयुष्य सातारा जिल्ह्यात गेलेले. मुंग्या, झुरळे, विंचू, गोम या मंडळींचे स्वभाव आम्हांला ठाऊक होते. साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवावा, पायताण झटकून पायात घालावे, हे शिक्षण घरातच मिळालेले. येथे मात्र सारेच निराळे. डिसेंबरात कडक उन्हाळा आणि जुलैत थंडी! दुपारचा सूर्यदेखील दक्षिणेऐवजी उत्तरेकडे कललेला. जेथे सूर्यनारायणाची रीतच वेगळी, तेथे किड्यामुंग्यांनी आपली जुनी ओळख का बाळगावी?

ब्रिस्बेनमधील जुनी घरे लाकडी असून खांबांवर उंच उभारलेली असतात. आमचे घर त्यांतलेच. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर, घराच्या तुळईखाली, पत्र्याची एक उलटी ताटली बसविलेली दिसली. हिने वाळवी अडत असेल, असे कोणालाही वाटेल. परंतु या पत्र्याचे काम वाळवीला मारण्याचे नाही, पुरते अडविण्याचेही नाही. वाळवीला उजेड व कोरडी हवा सोसत नाही. म्हणून ती लाकडाच्या पोटातून वर चढते. पत्रा आडवा आला, म्हणजे तिला त्याला वळसा घालून बाहेरून मातीची नळी बांधावी लागते. ही नळी आपल्या दृष्टीस पडते आणि वाळवी आल्याची वार्ता वेळीच कळते. आपल्याकडे ‘दृष्टीआड सृष्टी’ म्हणतात. येथील जुन्या सुतारांनी दृष्टीआडची सृष्टी एका पत्र्याने दृष्टीसमोर आणली होती! अर्थात, घराखाली जाऊन नियमितपणे पाहणारा डोळा हवाच. ते काम मी आपण होऊन पत्करले.

खरी परीक्षा झाली ती एका पावसाळी रात्री. माझी नऊ वर्षांची नात किंचाळतच बाहेर आली. तिच्या पलंगावरच्या भिंतीवर तळहाताएवढा करडा कोळी पाय पसरून बसला होता.

“आजोबा, मारा त्याला!” ती ओरडली.

तिच्या वडिलांनी सांगितले, की या कोळ्याला येथे ‘हंट्समन’, म्हणजे शिकारी, म्हणतात. तो जाळे विणीत नाही. झुरळांसारखे किडे धावून पकडतो. डिवचला तर चावतो, पण त्याने जिवाला धोका नसतो. आम्ही काचेचे मोठे भांडे त्याच्यावर हलकेच पालथे घातले, खालून जाड पुठ्ठा सरकविला आणि त्याला बागेत सोडून दिले. जाण्यापूर्वी नातीने दाराआडून त्याचे पाय मोजले. ते आठ भरले. “मग हा कीटक नव्हेच!” ती म्हणाली. कीटकाला सहाच पाय असतात, हा धडा ती शाळेत शिकली होती. तो त्या रात्री तिने पडताळून पाहिला. भीती एकदम गेली नाही. पुढे कित्येक दिवस ती निजण्यापूर्वी चारही भिंती पाहून घेई. पण पाहण्याचे धैर्य तिला आले, हे काही थोडे नव्हे.

सगळेच कोळी असे निरुपद्रवी नसतात, हेही तिला शिकवणे भाग होते. ‘रेडबॅक’ नावाची एक जात येथे आढळते. तिची मादी काळी, जेमतेम वाटाण्याएवढ्या अंगाची आणि पाठीवर तांबडा पट्टा असलेली असते. तिचा दंश विषारी. १९५६ साली या विषावर उतारा निघाल्यापासून मृत्यू अतिशय विरळ झाले. तरी वेदना फार होतात. कुंड्यांच्या बुडाशी, पत्रपेटीत, अडगळीत आणि बाहेर पडून राहिलेल्या बुटात ती घर करते. म्हणून बागेत काम करताना हातमोजे घालावेत, असा आमच्या घरी नियम झाला. एके दिवशी नातीने कुंडीखाली तो तांबडा पट्टा पाहिला. ती ओरडली नाही, तिने हातही लावला नाही. दोन पावले मागे सरून तिने मला शांतपणे हाक मारली. मोठा कोळी सोडून देणारी आणि लहान कोळ्यापासून दूर राहणारी ती मुलगी पाहून मला परीक्षेत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला पाहावे, तसे समाधान वाटले.

बागेची गोष्टही अशीच. उन्हाळ्यात पाऊस झाला, की गवत आठवड्याभरात पोटरीला लागते. ते यंत्राने कापावे आणि झाडांच्या बुडाशी पसरावे, म्हणजे ओल टिकते. कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नये, नाहीतर डासांचे फावते. शेजारच्या वृद्ध बाईंनी आम्हांला कढीलिंबाचे रोप दिले. तुळस येथील रोपवाटिकेत मिळाली. आपल्या गावची मूठभर माती आणि बियांच्या पुड्या बरोबर घ्याव्यात, असे माझ्या पत्नीला निघताना फार वाटत होते. पण या देशात बियाणे व माती आणण्यावर कडक निर्बंध आहेत. ते का, हे येथील दोन गोष्टींवरून कळते.

आपल्याकडे उसाच्या मुळ्या खाणारी हुमणी शेतकऱ्याला रडविते. तशाच हुमणीने क्वीन्सलंड राज्यातील ऊसवाले जेरीस आले होते. तिचा नाश करण्यासाठी १९३५ साली हवाई बेटांतून मोठ्या जातीचे बेडूक आणून सोडण्यात आले. पण हुमणी राही जमिनीखाली, तिचे भुंगेरे उंच उसावर. बेडकांच्या हाती काहीच लागेना. ते दुसरे किडे खाऊन बेसुमार वाढले. त्यांच्या अंगी विष असल्यामुळे त्यांना खाणारे येथील प्राणी मरू लागले. २००९ साली हे बेडूक पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्यातही शिरले. रोगापेक्षा औषध भयंकर, ते असे!

दुसरी गोष्ट निवडुंगाची. कुंपणासाठी व शोभेसाठी आणलेला फड्या निवडुंग इतका माजला, की त्याने सुमारे २ कोटी ४० लाख हेक्टर जमीन व्यापली. शास्त्रज्ञांनी अर्जेंटिनातून एक लहानसा पतंग शोधून आणला. त्याच्या अळ्या निवडुंग सोडून दुसरे पीक खातात काय, याची त्यांनी आधी कसून परीक्षा घेतली आणि मगच, १९२६ साली, तो मोकळा सोडला. थोड्याच वर्षांत बहुतेक निवडुंग नाहीसा झाला. बूनार्गा या लहानशा गावात लोकांनी १९३६ साली त्या पतंगाच्या स्मरणार्थ सभागृह उभारले. राजांची व सेनापतींची स्मारके आपण पाहतो. पण एका किड्याचे स्मारक क्वचितच कोठे असेल!

दोन्ही वेळी माणूस परका जीव घेऊन आला. एकदा पुरते न पाहता, एकदा पारखून. दोहोंत एवढेच अंतर होते, पण फळांत केवढे अंतर पडले!

आता आम्हीही या भूमीत परकेच आहोत. २००१ साली ब्रिस्बेनमध्ये दक्षिण अमेरिकेतील अग्निमुंग्या आढळल्या. त्यांचे वारूळ भुसभुशीत असते आणि त्यावर येण्याजाण्याचे भोक दिसत नाही. असे वारूळ दिसताच सरकारला कळविणे येथील प्रत्येकाचे कर्तव्य आहे. दर रविवारी सकाळी मी व नात हातमोजे घालून बागेत फिरतो. घराखालचे खांब पाहतो, कुंड्या तपासतो, गवतात वारुळे शोधतो. नात वहीत नोंद करते. संध्याकाळी भिंतीवरची पाल चुकचुकते. तीही कधीकाळी आशियातून जहाजांतल्या मालाबरोबर येथे आलेली. तिचा आवाज ऐकून माझी पत्नी साताऱ्यातल्याप्रमाणेच “कृष्ण, कृष्ण” म्हणते.

नवी भूमी आपली कधी होते? तेथे घर घेतले म्हणजे नव्हे. तिच्यातील कोणाला जपावे, कोणापासून जपून राहावे आणि कोणाला वेळीच आवरावे, हे ज्याला कळू लागते, त्याची ती हळूहळू होत जाते.