फडावर गेलेलं पुस्तक

मुलांनो, दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्या धारूरच्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्यांच्याबरोबर मुलंही जातात आणि माझ्या वर्गात जागा रिकाम्या दिसू लागतात.

गेल्या वर्षी चौथीतली एक मुलगी होळीनंतर परत आली ती रिकाम्या हातांनी. “बाई, कोपीत पाणी शिरलं. पुस्तक भिजून गेलं,” एवढंच म्हणाली. आपल्या शाळांत आठवीपर्यंतची पुस्तकं फुकट मिळतात, पण वर्षातून एकदाच. परीक्षा तोंडावर आलेली. मी तिच्या मैत्रिणीचं पुस्तक घेतलं आणि राहिलेले धडे झेरॉक्स करून आणले.

तर वर्गातल्या एका चौकस मुलानं पुस्तकाचं आतलं पान माझ्यापुढे धरलं. “बाई, इथं लिहिलंय, लेखी परवानगी लागती. मग ही चोरी झाली का?”

खरं सांगते, मी गप्पच झाले. डी.एड.ला हे कुणी शिकवलं नव्हतं!

शोधाशोध केली तेव्हा एक खटला सापडला. दिल्ली विद्यापीठाच्या आवारात झेरॉक्सचं एक दुकान होतं. अभ्यासाला नेमलेली पानं निरनिराळ्या पुस्तकांतून काढून, एकत्र बांधून ते विद्यार्थ्यांना देई. २०१२ साली मोठमोठ्या परदेशी प्रकाशकांनी त्याला कोर्टात खेचलं. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं तो दावा फेटाळला. कारण, लेखकाचा हक्क राखणाऱ्या १९५७ च्या कायद्यातच ५२ वं कलम आहे. शिकता-शिकवताना शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं प्रत काढली तर तो हक्कभंग होत नाही.

दुसऱ्या दिवशी हे सांगितलं, तर तोच पठ्ठ्या म्हणाला, “मग गोष्टीचं नवं पुस्तक अख्खंच काढू की!”

ते मात्र नाही, म्हटलं. धडा अडला म्हणून पानं काढणं वेगळं आणि पैसे वाचवायला पुस्तकच उतरवणं वेगळं. लिहिणाऱ्यालाही घरदार असतं, बरं का! हां, ‘श्यामची आई’ हवं तर खुशाल काढा. साने गुरुजी १९५० साली गेले. आपल्याकडे लेखकामागे साठ वर्षं हक्क राहतो, त्यामुळे २०११ पासून ते पुस्तक सगळ्यांचं झालं.

यंदा टोळ्या निघण्याआधीच मी बालभारतीच्या संकेतस्थळावरून पाचवीचं पुस्तक फुकट उतरवून घेतलं, धड्यांची पानं काढली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्या मुलीला दिली.

“आन् हे बी भिजलं तर, बाई?”

“तर परत काढू,” म्हटलं.